मी ऐकतो की ऐकते?

टॅक्सीच्या ऑफिसात फोन घेणाऱ्या बाईंना सगळे ड्रायव्हर ‘भोंगा’ म्हणायचे, तेही तोंडावर. बाई अंगानं चिमणीएवढी, पण बोलायला लागली की पलीकडचा माणूस हमखास म्हणायचा, “साहेब, गाडी लवकर पाठवा हं!” शाळेत गाण्याच्या बाईंनी तिला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. लग्न ठरल्यावर नवऱ्यानं पहिला फोन केला, तो बराच वेळ तिला होणारा सासरा समजून अदबीनं बोलत राहिला.

फोनवर “पाठवते” म्हटलं, की लोक गोंधळायचे. मग खुलासे करण्यात वेळ जायचा. म्हणून तिनं वेगळीच बोली अंगवळणी पाडली. “पत्ता कळला. गाडी निघालीच. काळजी नको.”

एका दुपारी नाटक बसवणाऱ्या एका बाईंचा फोन आला. पत्ता सांगता सांगता त्या थबकल्या.

“एक विचारू? तुम्ही बाई आहात की... नको! सांगूच नका!”

“मॅडम, गाडी हवीय ना?”

“गाडी गेली खड्ड्यात, मला देव हवाय!”

त्यांच्या नाटकात देव दिसत नव्हता, पडद्यामागून फक्त बोलत होता. खर्जातला नट आणला, तर हेडमास्तर दटावतोय असं वाटलं. गोड गळ्याची नटी आणली, तर लोकांना झोप यायला लागली.

संध्याकाळी भोंगा तालमीला गेली. नाटकातल्या म्हातारीचं घरदार पुरात वाहून जातं आणि ती वर बघून विचारते, “आहे का कुणी ऐकणारं?” त्यावर देवाचं वाक्य होतं, “मी ऐकतो.”

म्हातारीचं काम करणारी नटी अडून बसली. “‘ऐकते’ हवं. माझं दुःख बाईलाच कळणार.”

दिवे सांभाळणारे काका मचाणावरून ओरडले, “देव कधी ‘ऐकते’ म्हणाला होता तुला?”

“‘ऐकतो’ म्हणाला होता का तुम्हाला?”

झालं! अर्धी मंडळी इकडे, अर्धी तिकडे. दिग्दर्शिकाबाईंनी कपाळावर हात मारला. “भांडण नंतर. आधी एकदा होऊ दे!”

नटीनं प्रश्न विचारला. भोंगाच्या ओठांवर ‘ऐकतो’ येईना, ‘ऐकते’ही येईना. तेवढ्यात इतक्या वर्षांची फोनची सवय मदतीला धावली.

“मला ऐकू येतंय,” ती म्हणाली. “बोल.”

नटी पुढचं वाक्य विसरून रडायला लागली आणि दिग्दर्शिकाबाई अशा उठल्या की खुर्ची उलटी झाली. “हेच! हेच ठेवायचं!”

भोंगा नाचतच घरी आली. सासूबाईंना मात्र पटेना. “अगं, देव म्हणजे जगाचा बाप. त्याला तुझा आवाज?” पण प्रयोगाला त्या सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसल्या.

पडद्यामागे भोंगा उभी होती. म्हातारीनं विचारलं. हिनं डोळे मिटले आणि आवाज सोडून दिला. शाळेत दाबलेला, फोनवर लपवलेला तो सगळा आवाज नाट्यगृहात भरून राहिला. मग टाळ्या अशा सुरू झाल्या की थांबेचनात.

परतीच्या टॅक्सीत जोरदार जुंपली.

“माझे बाबाच बोलले असं वाटलं,” नवरा म्हणाला.

“बाबा कसले? माझी आई होती ती!” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

“आई एवढी खणखणीत?”

“तू माझ्या आईचं बोलणं ऐकलंयस का?”

ड्रायव्हरनं मध्येच तोंड घातलं. “भोंगा, तूच सांग. देव बाप्या की बाई?”

“मला काय विचारता?” ती हसत सुटली. “माझ्या छातीत अजून धडधडतंय!”

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई खिडकीशी हात जोडून बसल्या होत्या. “ऐकतोयस ना?” त्या पुटपुटल्या. थोडं थांबल्या. “ऐकतेयस ना?” तेही मनासारखं बसेना. मग तान्ह्या बाळाशी बोलावं तशा लाडानं म्हणाल्या, “ऐकतंयस ना रे... ना गं... अरे देवा, ऐकतंयस ना?”

आणि स्वतःच खुदकन हसल्या.