झोपलेल्या प्रोसेसचा दुपट्टा

विमलताई गेल्या. सकाळी फोन आला आणि मी रडायच्या ऐवजी हसलो.

बायको म्हणे, "वेड लागलं काय तुमाले?"

तिला काय सांगू! मला ती दुपारच आठवली.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. भंडाऱ्यात आमच्या सरकारी ऑफिसात नवाकोरा सर्व्हर आला होता. एक मशीन, पाच टर्मिनल. जिल्ह्यातल्या तलावांच्या पाण्याचा डेटाबेस त्यात भरायचा.

विमलताई सिहोऱ्याच्या. पुण्याहून ट्रेनिंग घेऊन आलेल्या, कॉम्प्युटर रूमच्या इन्चार्ज. मी त्यांचा असिस्टंट.

त्या दिवशी चार वाजता नागपूरचे साहेब येणार होते. रिपोर्ट निघाला तर मशीन आपलं. नाही निघाला तर मशीन नागपूरला, आणि ताई परत टायपिंगला.

अन् दुपारी सगळं ठप्प!

आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, लालेलाल. "बटन बंद करा, न चालू करा!"

"नाही जी. सकाळपासूनचं काम अर्धवट आहे, जाईन ते सारं."

ताईंनी पाचही टर्मिनलवरच्या कामांचे, म्हणजे प्रोसेसचे, स्टेटस स्क्रीनवर आणले. चार वेटिंग. एक स्लीपिंग. रनिंग एकही नाही.

बाबू ओरडले, "या चौघाईनंच घोळ केला! मारून टाका त्याइले. तो झोपला त्याले राहू द्या, तो गरीब कोणाचं काय बिघडवून राहिला?"

ताई खदखदून हसल्या. "बाबूजी, यष्टीत सीटवर दुपट्टा टाकून माणूस खाली चहा पिऊन राहिला, तर ती सीट रिकामी असते का जी?"

"कायची रिकामी! डोकी फुटतात."

"मंग! हे चौघं बिचारे उभे आहेत. दुपट्टा या झोपलेल्याचा आहे. रेकॉर्ड धरून ठेवलं, ते सोडल्याबिगर कोणाचंच पुढं सरकत नाही, अन् माणूस गेला कुठी तरी."

ते झोपलेलं टर्मिनल देवरावचं होतं. रोजंदारीवरचा ऑपरेटर, आसगावचा. आसगावच्या तलावाची एन्ट्री आपणच करणार, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही, हा त्याचा हट्ट. म्हणून ते रेकॉर्ड उघडून ठेवलं आणि गडी गेला कारध्याला, बहिणीकडे जेवायला!

"किल करू का ताई?" माझे हात शिवशिवत होते.

"त्यानं टाइप केलेलं जाईन ना बाबा. जा, त्याले घेऊन ये."

मी सायकल हाणली. वैनगंगेचा पूल, डोक्यावर ऊन. देवराव ताटावर बसलेला.

"चाल लवकर!"

"काहून गा?"

"तू तिकडं झोपून राहिला!"

"अबे, मी इथं जेवून राहिलो!"

भाताचा हात पँटला पुसत तो कॅरिअरवर बसला. येऊन त्यानं सेव्ह केलं.

आणि बापा! एक वेटिंग रनिंग झालं. मग दुसरं. मग सगळे! प्रिंटर खडखडायला लागला. आम्ही अक्षरशः नाचलो, बडे बाबूसुद्धा!

प्रिंटरवरून रिपोर्टचा कागद फाडून घेतो न घेतो, तोच साहेबांची जीप.

साहेबांना कोणीतरी सांगितलंच होतं. "दुपारी मशीन अडलं म्हणे? कोणामुळे?"

देवराव दारात पांढराफटक. रोजंदारीचा माणूस, एका शब्दानं घरी बसला असता. बाबूंचं तोंड उघडायला लागलं.

त्याआधीच ताई म्हणाल्या, "रेकॉर्ड उघडं ठेवून उठायचं नाही, हे मी कोणाला शिकवलंच नव्हतं साहेब. चूक माझी."

साहेबांनी रिपोर्ट हातात घेतला. तो चाळत म्हणाले, "मग शिकवा."

मशीन राहिलं. ताई राहिल्या. पुढे देवराव पर्मनंट झाला.

आज घाटावर तो भेटला. केस पिकले, पाठ वाकली.

म्हणाला, "बाईनं माह्यं नाव घेतलं असतं तं खोटं थोडीच होतं गा? माह्या दोन पोरी त्या नोकरीवर शिकल्या."

मग मात्र आम्ही दोघं म्हातारे ढसाढसा रडलो.

विमलताई, आमचा शेवटचा नमस्कार घ्या जी.