दोन बोटं माया

कुणाचंही ब्लाऊज हातात घेतलं की ती आधी ते उलटं करायची. शिलाईच्या आत किती कापड सोडलंय ते बोटानं मोजायची आणि नाक मुरडायची. “माया ठेवलीच न्हाय! उद्या अंग भरलं तर बाईनं काय करावं?”

शिलाईच्या आतल्या त्या जादा कापडाला माया म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तिची माया दोन बोटं. कमी नाही, जास्त नाही. फक्त नव्या नवरीला तीन. का, असं विचारलं की नुसती हसायची.

अणदूरला माझ्या शाळेच्या वाटेवर तिचं घर होतं, ओट्यावर मशीन. मी शिक्षिका, म्हणून तिच्यासाठी ‘बाई’. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तरी मी तिला ताईच म्हणे. कापड कमी नेलं की ऐकून घ्यावं लागे. “पोरास्नी गणित शिकवता, अन् पाऊण मीटरात ब्लाऊज मागता व्हय?”

मग तिच्या गर्भपिशवीत गाठी झाल्या. अंगावरून इतकं जायचं की मशीनवर बसताना ती खाली जुनं धडपं घेऊन बसायची. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवी काढायला सांगितली. नवरा भला माणूस, पण असल्या गोष्टी निघाल्या की भिंतीकडं बघणारा. म्हणून सोबत मी गेले.

“पिशवी काढायचीच आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण दोन्ही बाजूंची अंडाशयं ठेवायची की काढायची, ते तुम्ही ठरवा.”

तिची आई आणि मावशी दोघी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेल्या होत्या. ते बघता काढलेली बरी, असं डॉक्टरीणबाईंचं मत होतं. पण एक्केचाळिसाव्या वर्षी काढली की पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम अंगावर येतो, हाडं ठिसूळ होतात, गोळ्या लागतात, हेही त्यांनी नीट सांगितलं.

“ठेवली तर आईवानी व्हईल का?”

“होईलच असं नाही. पण धोका इतरांपेक्षा जास्त.”

“चार दिसांत सांगते,” ती म्हणाली.

परतीच्या एसटीत तिनं मला विचारलं, “बाई, तुमी काय म्हणता?”

वर्गात उत्तर दिलं नाही म्हणून पोरांवर खेकसणारी मी. मी म्हणाले, “तुमच्या मनाला येईल तसं करा.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. “मनाला काय येतच न्हाय, बाई.”

त्या चार दिवसांत घरी येऊन सल्ला देणाऱ्यांची रांग लागली. जाऊ म्हणाली, “सगळंच काढून टाक, एकदाची कटकट मिटंल.” जणू माळ्यावरची अडगळच. ती शिवत राहिली. माझं हिरवं ब्लाऊज तिनं त्याच दिवसांत शिवून दिलं.

पाचव्या दिवशी तिनं माझ्यासमोरच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. “काढा. दोनी बी काढा. माया नका ठेवू.”

“काय नको?” असं पलीकडून विचारलेलं मला ऐकू आलं. तिनं फोन ठेवून दिला.

ऑपरेशन नीट झालं. भेटायला गेलं की म्हणायची, “काय वाटत न्हाय बघा.” थंडीचे दिवस, आम्ही स्वेटरात, आणि ती पदरानं वारा घेत घामानं निथळलेली. पुढं काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला, तो मीच तिला वाचून दाखवला. अंडाशयात काहीच निघालं नव्हतं.

“बरं झालं की!” मी म्हणाले.

“म्हंजे चांगलीच होती,” ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. मला तिथून कधी एकदा उठते असं झालं.

पुढच्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेली, ती तिकडंच राहिली. मागनं नवराही पुण्यालाच गेला. ओट्यावर आता मशीनच्या पायांचे चार डाग तेवढे आहेत.

परवा ते हिरवं ब्लाऊज काखेत रुतायला लागलं. म्हटलं, काळजी नाही, माया आहे, सोडवून घेऊ. उलटं केलं. उजव्या बाजूला दोन बोटं माया होती. डाव्या बाजूला काहीच नव्हतं. शिलाईला लागून कापड सरळ कापून टाकलेलं.

अशी चूक तिच्या हातून कधी झाली नाही. मी तारखा आठवल्या. त्याच चार दिवसांतलं ब्लाऊज. त्याच चार दिवसांत तिनं मला विचारलं होतं.

मला रडू आलं नाही. दोन्ही बाजूंवरून एकदा बोट फिरवलं. मग ब्लाऊज सुलटं केलं, तसंच घट्ट अंगात घातलं आणि शाळेत गेले.