घराखालची काळी माती

मंगळवेढ्याहून निघालो तेव्हा ट्रॉलीत भांडीकुंडी कमी आणि माती जास्त होती. सुनंदा, तू धाकटी जाऊ, नुकतीच लग्न होऊन आलेली. तुला हसू आवरत नव्हतं. मामंजी मात्र दारात आले नाहीत. आदल्या दिवशी एवढंच म्हणाले होते, "माती सोडून चाललाय. बघा बाबा." ते यांच्या जिव्हारी लागलं. म्हणून सोलापूरच्या घराचा पाया आपल्या रानातल्या काळ्या मातीनेच भरायचा, असं यांनी ठरवलं.

घर कसलं, माळावरचा एकटा प्लॉट. लाईट नाही, नळ नाही. शेजारी म्हणजे बाभळी आणि एक मुंगूस. हे सायकलवरून सात रस्त्याला दुकानात कामाला जात आणि मी दिवसभर बोलायला माणूस शोधत असे. पाया भरताना गवंडी म्हणाला, मुरूम टाका. गावातही काळी माती उपसून मुरूम लागेपर्यंत पाया खणतात, हे आम्हाला का ठाऊक नव्हतं? पण मायेपुढे शहाणपण चालत नाही. उलट मीच गवंड्यावर फणकारले.

माती पावसात फुगली, उन्हाळ्यात आटली. दुसऱ्या वर्षी भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. हे म्हणाले, परत जाऊ. मला आतून बरं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. तसं मी तुला पत्रात लिहिलं, आणि तू ते मामंजींना वाचून दाखवलंस. तेव्हा मी तुझ्यावर फार चिडले होते.

चार दिवसांत मामंजी एस.टी.ने आले. भेगेत हात घालून बघितला. हे खाली मान घालून म्हणाले, "आबा, चुकलं. परत येतो."

"कुटं येतो? फावडं आण."

तीन दिवस बापलेक फरशी उखडून माती उपसत होते. "ही पेरायची माती हाय," मामंजी म्हणाले. "घराखाली घालून काय उगवायचंय? मुरूम घाला आन् हितंच ऱ्हावा."

निघताना एस.टी.त बसून म्हणाले, "पंचमीला लेकी येत्यात, तवा तुमीबी या की पाव्हणे म्हणून."

पाव्हणे! घरी येऊन मी खूप रडले.

आता माळ उरला नाही. दाराला दार लागलंय. तुझ्याकडे आले की तू जाऊ देत नाहीस, पण खरं सांगू? चौथ्या दिवशी मला माझ्या घराची आठवण यायला लागते. मामंजींना हे सांगायचं राहून गेलं.