डॉक्टरताई समोरून येत नसत

डॉक्टरताई कुणाच्याही घरी आल्या की दारातून सरळ चालत आत येत नसत. आधी भिंतीच्या कडेने थोडं जायचं, मग वळायचं आणि माणसाच्या खांद्याच्या बाजूने जवळ यायचं, अशी त्यांची पद्धत. बोलतानाही त्या समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, कानाच्या आसपास कुठेतरी बघत. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मला वाटलं, बाईंना माझं काहीतरी खटकलंय. "गाईंमध्ये राहून राहून तशा झाल्यात, मनावर घेऊ नकोस," माझा नवरा म्हणाला. अमेरिकेतल्या चँडलर गावातल्या आमच्या मराठी मंडळींना त्याची सवय झालेली होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. चँडलर तेव्हा आजच्यासारखं घरांनी भरलेलं नव्हतं. एका अंगाला कॉम्प्युटरच्या चिप बनवणारे कारखाने आणि त्यांत आमचे नवरे, दुसऱ्या अंगाला मोठाल्या डेअऱ्या आणि त्यांत गाई. वारा फिरला की शेणाचा वास थेट दिवाणखान्यात यायचा आणि मग सगळे ताईंकडे बघून हसायचे. ताई नागपूरकडच्या, तिकडे जनावरांच्या डॉक्टर होत्या. इथे येऊन त्यांनी गाईंच्या वागणुकीवर मास्टर्स केलं. औषधपाणी करायचं लायसन्स मात्र इथलं नव्हतं, म्हणून डेअरीच्या मालकाने त्यांना गाई बघायला ठेवलं होतं. बघायला म्हणजे नुसतं बघायला. कुंपणाला टेकून त्या तासन्‌तास उभ्या असत. कोणती गाय पाय उचलून टाकते, कोणती खाणं सोडून बाजूला उभी राहते, कुणाचं कुणाशी जमतं, हे सगळं मालकाला सांगायचं.

त्यांचं बघणं गाईंपाशी थांबत नसे. माझ्या पहिल्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी कोपऱ्यात प्लेट घेऊन उभी होते आणि कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. ताई बाजूने आल्या आणि माझ्या कानाकडे बघत म्हणाल्या, "नवीन गाय कळपात सोडली की चार दिवस ढुशा बसतात. मग एखादी येऊन मान चाटते. घाबरू नको." त्या स्वतःच ती चाटणारी गाय आहेत, हे मला पुढे कळलं. जेवायला आधी कोण उठतं, कुणामागून कोण उठतं, हेही त्यांना पाठ होतं. दूध काढायच्या मिल्किंग पार्लरमध्ये गाई रोज त्याच क्रमाने शिरतात, तसंच आमचं आहे म्हणायच्या. सगळंच खरं ठरायचं असं नाही. एक जोडपं नेहमी दोन टोकांना बसतं, म्हणजे त्यांचं काही टिकत नाही, असं त्यांनी मला खात्रीने सांगितलं होतं. त्या जोडप्याला पुढे दोन मुलं झाली आणि ते अजूनही दोन टोकांना बसतात.

"अमेरिकेत येऊन शेणच काढायचं होतं तर नागपूर काय वाईट होतं?" अशी थट्टा व्हायची. ताई हसत नसत आणि रागावतही नसत. एकदाच त्या माझ्याशी त्याबद्दल बोलल्या. "आमच्या आजोबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावानं वाळीत टाकलं, तरी सोडलं. मी व्हेटर्नरीला गेले तेव्हा बाबा म्हणाले, आपण ढोरं सोडून आलो आणि तू परत ढोरांकडेच जाऊन राहिली? मी म्हटलं, बाबा, मी जिवंत ढोरांकडे जाऊन राहिले." हे सगळं त्यांनी गाईच्या खुराबद्दल सांगावं अशा आवाजात सांगितलं. त्यांचा आवाज चढलेला किंवा भरून आलेला मी कधी ऐकला नाही.

त्यांची मुलगी उत्पला नागपूरला आजीजवळ होती. ताईंना इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि त्या नवऱ्याबरोबर निघाल्या, तेव्हा ती नऊ महिन्यांची होती. वर्षभराचा तर प्रश्न आहे म्हणून ठेवली, मग शिक्षण लांबलं, मग व्हिसा अडला, मग आणखी काहीतरी. आमच्यातल्या बऱ्याच घरांत तेव्हा असं होतं. फोटो इथल्या भिंतीवर आणि मूल अकोल्यात नाहीतर सांगलीत. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं. माझा मोहित झाला तेव्हा बाळंतपणाला आलेल्या सासूबाई सहा महिन्यांनी परत जाताना त्याला सांगलीला घेऊन जातील, असं आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं. मला नोकरी लागली होती आणि दिवसभर त्याला बघायला घरात कुणी नव्हतं. "उत्पला नीट राहते ना हो तिकडे?" मी ताईंना विचारलं. "राहते ना. वजन चांगलं आहे," त्या म्हणाल्या. माझं समाधान झालं.

मोहित महिन्याचा असताना उत्पला आली, सहा वर्षांची, दोन वेण्या आणि त्यांना लाल रिबिनी. ती आजीला आई म्हणायची आणि आईला ताई, कारण मामा-मावश्या तसंच म्हणताना तिने ऐकलेलं. "ताई, पाणी पाहिजे," असं पाहुण्यांकडे मागावं तसं मागायची. ताई पाणी आणून टेबलावर ठेवायच्या आणि ओट्याकडे निघून जायच्या. मग उत्पला येऊन ते प्यायची.

मला ते बघवत नसे. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो ताई, जवळ घ्या ना तिला. आई आहात तुम्ही." त्या जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या, मुलीकडे पाठ करून. हळू आवाजात म्हणाल्या, "प्रत्येक जनावराभोवती त्याची एक जागा असते, मीना. आपण त्या जागेत पाय टाकला की ते सरकतं. बाहेर थांबलो की ते उभं राहून आपल्याकडे पाहते. आली तेव्हा ती दुसऱ्या खोलीत असायची. आता या टेबलाच्या पलीकडे असते. मी हात लांब केला तर परत खोलीत जाईल. तिनं यावं लागते."

"ती जनावर नाही हो."

"नाही ना. जनावर असती तर मला जास्त समजलं असतं."

थंडीचे महिने असेच गेले. टेबलाएवढं अंतर कधी खुर्चीएवढं व्हायचं, पुन्हा टेबलाएवढं व्हायचं. मंडळींत कुजबुज सुरू झाली की बाईला मायाच नाही, गाईंना हाताळून हाताळून हात दगडी झालेत. तसं नाही म्हणायला माझी तरी कुठे खात्री होती?

फेब्रुवारीत एका शनिवारी ताई आम्हाला डेअरीवर घेऊन गेल्या. मी, मोहित स्ट्रोलरमध्ये आणि दहा पावलं मागून उत्पला. एका शेतात वासरांसाठी पांढऱ्या प्लॅस्टिकची खोपटी ओळीने मांडलेली होती, एकेकात एकेक वासरू. उत्पला एका वासरापाशी थांबली. त्याने तिची बोटं तोंडात घेतली आणि चोखायला लागलं.

"यांच्या आया कुठे आहेत?" तिने विचारलं.

"तिकडे, शेडमध्ये. दूध देतात."

"यांना ओळखतात?"

"नाही. जन्मल्यावर थोडा वेळ चाटू दिलं असतं तर वासावरून ओळखलं असतं. इथे लगेच उचलून आणतात."

"मग हे काय करतात?"

"हंबरतात काही दिवस. मग बादली घेऊन येणाऱ्या माणसाला ओळखायला लागतात. त्याला पाहून उड्या मारतात."

उत्पलाने बोटं काढून घेतली आणि फ्रॉकला पुसली. मग विचारलं, "मी पण रडले होते?"

ताई तिच्या बाजूला उभ्या होत्या, वासराकडे बघत. खोटं सांगणं अगदी सोपं होतं. मी असते तर म्हटलं असतं, नाही गं राणी, तू शहाणी होतीस. ताई म्हणाल्या, "मला माहीत नाही. मी विमानात होते."

उत्पलाने मान हलवली, एखादं उत्तर बरोबर आलं की हलवतात तशी. मग ती पुढच्या वासराकडे गेली. मी मोहितचं टोपडं नीट केलं, ते नीटच होतं. 

महिनाभराने सासूबाईंच्या जाण्याची तारीख आली. उत्पलाला ते कळलं तेव्हा तिने ताईंना विचारलं, "या आजी इंडियाला जाऊन राहिल्या ना? मी जाऊ त्यांच्यासोबत?" ताई तेव्हा कांदा चिरत होत्या. "जायचं आहे तुला?" "हो." "बरं," ताई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आल्या. त्यांचा नवरा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. मी म्हटलं, लहान आहे ती, तिला काय कळतंय, इतक्यात हार मानू नका. "तिला इथे करमत नाही. खाते, पण अंगी लागत नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

फिनिक्सच्या विमानतळावर तेव्हा पोचवायला आलेल्यांना गेटपर्यंत जाता यायचं. सासूबाई धडधाकट होत्या, तरी त्यांच्यासाठी व्हीलचेअर सांगितली होती, म्हणजे विमान बदलताना कुणीतरी सोबत राहतं. ही युक्ती आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होती. त्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर मोहित झोपलेला. मी पुन्हा पुन्हा बॅग उघडून बाटल्या आणि दुपटी तपासत होते. मला काही वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी भूल दिली की गाल कसा होतो, तसं सगळं अंग झालं होतं, आणि ते बरंच आहे असं मी स्वतःला सांगत होते.

व्हीलचेअरवाल्यांना आधी बोलावलं. उत्पला खुर्चीचा दांडा धरून निघाली. चार पावलं गेली आणि दांडा सोडून परत आली, ताईंच्या अगदी शेजारी येऊन उभी राहिली. इतकी जवळ की तिच्या जॅकेटची बाही ताईंच्या हाताला लागत होती. खाली फरशीकडे बघत राहिली. ताई होत्या तशाच उभ्या होत्या, दोन्ही हात खाली सोडून. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाने हाक मारली. उत्पला आणखी थोडी थांबली आणि मग गेली.

"थांबली होती," ताई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच. "पाहिलंस ना तू? आपली आपण आली आणि थांबली. मला समजलं होतं. हात उचलावा म्हटलं, पण उचललाच नाही गेला. इतके महिने न उचलायचा सराव केला ना मी."

मी पुढे गेले. रांगेतल्या लोकांना बाजूला सारून गेले आणि सासूबाईंच्या मांडीवरून मोहितला उचलून घेतलं.

"अगं, काय हे? आता ऐन वेळी?" सासूबाई म्हणाल्या.

"राहू दे त्याला इथेच."

"आणि नोकरी?"

"बघू."

मोहित जागा होऊन माझ्या खांद्यावर रडायला लागला. मला रडू आलं नाही. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांना आत नेलं. उत्पला मोहितकडे बघत बघत गेली. मी परत आले तेव्हा ताई तिथेच होत्या. "दुपटी सगळी बॅगेतून गेली का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "चल, वाटेत घेऊ," त्या म्हणाल्या.

पुढे ती डेअरी विकली गेली, तिथे घरं झाली. मालक गाई घेऊन आयडाहोला गेला आणि ताईही त्याच्यामागे गेल्या. उत्पला पुन्हा अमेरिकेत आली नाही. नागपूरलाच शिकली, तिथेच लग्न केलं, आणि ताईंना ती अजून ताईच म्हणते. ताई वर्षातून एकदा मोहितच्या वाढदिवसाला मला फोन करतात. हवापाणी विचारून झालं की दरवर्षी एकच प्रश्न असतो.

"पोरगा जवळ येतो का गं?"

"येतो."

"आला की धरत जा. पाहत नको राहू."

मोहित आता व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला असतो. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत येतो, दारातच "हाय मॉम" म्हणून फोनवर बोलत वरच्या खोलीत जातो. हे मी ताईंना सांगितलेलं नाही. त्या विचारतात आणि मी येतो म्हणून सांगते. "बरं," त्या म्हणतात, आणि फोन ठेवतात.