फोटोतला कापलेला ढोलकीवाला

मंडळी, आज दौंडच्या सायबर कॅफेत बसून आमच्या लाडक्या गायिकेचे जुने फोटो शोधत होतो. एक सापडला, राहू गावच्या जत्रेतला! पण बघून शिसारीच आली. नेटवर फोटो टाकणाऱ्यानं बाईंच्या पदरावर स्वतःचं भलंमोठं नाव छापलंय. आणि ढोलकीवाला कापून टाकलाय. कडेला त्याचा नुसता हात उरलाय, चांदीचं कडं घातलेला.

तो हात माझ्या थोरल्या भावाचा. तो आता नाही, आणि घरात त्याचा एकही फोटो नाही.

टाकणाऱ्याला तिथंच लिहून विचारलं, तर म्हणतो, "आबा, फोटो बाईंचा हाय. वाजवणाऱ्याला कोण बघतंय?"

अरे, बाई बघतायत की! गाता गाता त्याच्याकडंच वळून हसतायत. अख्खा फोटो आहे का हो कुणाकडं?