आमशासाठी मागवलेली सतरंजी

आमशा वसावे मोलगीच्या वरच्या पाड्यातला. आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत गेले तेव्हा तिकडंच फडात जन्मला. आश्रमशाळेत बारावी करून नंदुरबारजवळच्या मसाल्याच्या कंपनीत पोती उचलायला लागला. पुढं दळणाच्या लाइनवर आला, मशीन शिकला. कंपनीत पहाडातली माणसं ढीगभर, पण शिफ्ट इनचार्ज एकही नाही. यंदा ती जागा आमशालाच, असं सगळे धरून चालले होते. कमलीबाईला, म्हणजे बायकोला, त्यानं सांगूनही टाकलं होतं.

पोरगी तापातून उठली तर होळीची पाळणी करीन, असा त्याचा नवस. पाळणीत भुईवर निजायचं, स्वतः रांधून खायचं, खाटेवर-खुर्चीवर टेकायचं नाही. पोरगी बरी झाली, पाळणी सुरू झाली आणि नेमकी त्यातच मीटिंग आली. आमशा भिंतीशी मांडी घालून बसला.

फिटर जाहिद खुर्चीवरून वाकला. "काय भो, खुर्चीले काटा शेतस का?"

"पाळणी शे मन्ही. होळी लगून खुर्ची बंद."

"मंग चहा बी खालेच धाडू का?"

पुण्याहून नव्या आलेल्या एचआरच्या मॅडमनी ते लांबून पाहिलं. विचारलं काही नाही.

होळीला आमशा कमरेला भोपळे बांधून, अंगभर राखेचे ठिपके काढून नाचला. नदीवर अंघोळ करून पाळणी सोडली आणि कामावर आला.

इनचार्जचं नाव जाहीर व्हायचं, त्या दिवशी मीटिंगच्या खोलीत सगळ्यांना खुर्च्या होत्या. भिंतीशी एक कोरी सतरंजी, वर लोड.

"बसा ना आमशाभाऊ," मॅडम हसून म्हणाल्या. "खास तुमच्यासाठी मागवलीय. इथं प्रत्येकाच्या संस्कृतीचा मान राखायचा, असं आम्ही ठरवलंय."

आमशाला वाटलं, थट्टा आहे. त्यानं जाहिदकडं पाहिलं. जाहिद हसत नव्हता.

मोठ्या साहेबांनी नाव वाचलं ते आमशाच्याच लाइनवरच्या, खाली सपाटीतल्या खापर गावच्या भरतचं.

"खरं तर पहिला नंबर तुमचाच होता," मॅडम आमशाला मायेनं सांगू लागल्या. "पण इनचार्जला दिवसभर टेबल-खुर्ची. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, म्हणून आम्ही आग्रह केला नाही."

भरतचा चेहरा उतरला. "माले काहीच माहीत नही, आमशा," तो पुटपुटला.

आमशा मॅडमकडं वळला. "मॅडम, ते व्रत होतं. होळीला सुटलं. माझ्या घरी खुर्च्या आहेत."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं नाही."

"तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून नाही विचारलं," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी घसा खाकरला. "ऑर्डर हेड ऑफिसहून आलीय. पुढच्या वेळी बघू. आत्ता बस."

खोलीत रिकामी खुर्ची नव्हती.

"तेव्हा देवासाठी खाली बसलो, साहेब. आज कुणासाठी बसू?"

जाहिद उठला. आपली खुर्ची त्यानं आमशाकडं सरकवली.

"तुन्ही नको भो," आमशा म्हणाला. "मन्ही पाहिजे."

भरतही उभा राहिला. मॅडम सतरंजीकडं बघत होत्या, साहेब हातातल्या पेनाकडं. मीटिंग संपली म्हणायचं कुणी, तेच कुणाला कळेना. आमशा तिथंच उभा होता, आणि जागेची गोष्ट झाल्याखेरीज तो हलणार नव्हता.