घोडी शांत झाली

घोड्याला उलटी होत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेली झडप इतकी घट्ट असते की आत गेलेलं पुन्हा वर येतच नाही. कुत्रं नको ते खातं आणि कोपऱ्यात ओकून मोकळं होतं. मांजर त्यासाठी मुद्दाम गवत खातं. घोड्याला ती सोय नाही. खाल्लेलं पुढं सरकलं तर ठीक, नाहीतर ते तिथंच राहून फुगतं. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं, त्यामुळे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मी परळच्या एका जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे, जखमा धुणं-बांधणं माझं काम. माझे वडील तिथंच ड्रेसर होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. बाई माणूस गाई-घोड्यांकडे काय करणार, असं तेव्हा दोघातिघांनी माझ्या तोंडावर विचारलं होतं. पण मी भोईवाड्याच्या चाळीतली, शाळा सुटली की वडिलांचा डबा घेऊन त्या आवारात जाणारी. तेव्हा गिरगाव चौपाटीकडचे व्हिक्टोरियाचे, म्हणजे घोडागाड्यांचे, घोडे आमच्याकडे यायचे. खुरात खिळा गेलेले, ट्रॅफिकमध्ये बुजून बसगाडीला धडकलेले. वडील मला त्यांच्याजवळ न्यायचे.

"समोरून जायचं नाही," ते सांगायचे. "कपाळाच्या अगदी पुढचं त्याला दिसत नाही. शेपटीमागचंही नाही. डाव्या खांद्याकडून जा. आधी बोल, मग हात लाव."

घोडा दुखणं लपवतो, हेही त्यांनीच शिकवलं. रानात लंगडणारा आधी मारला जातो, म्हणून त्या जातीला दुखणं दाखवायची सवयच नाही. तोंडाकडं बघू नकोस, कान बघ, म्हणायचे. पुढं वळलेले कान म्हणजे त्याला काहीतरी बघायचंय. मानेला चिकटलेले म्हणजे राग. दोन बाजूंना सैल पडलेले म्हणजे एक तर झोप, नाहीतर दुखणं.

"मग दोघांतलं कुठलं ते कसं ओळखायचं?"

"बघत राहायचं."

घोडीवाले चाचा माझ्या वडिलांच्या ओळखीचे. चाचांच्या वडिलांची व्हिक्टोरिया होती, नंतर त्यांनी चालवली. गाड्या बंद झाल्यावर त्यांच्याकडं दोन जनावरं उरली, एक पांढरी घोडी आणि तिच्याबरोबर जुंपला जाणारा बदामी घोडा. काळाचौकीला एका जुन्या गोदामाच्या मागं त्यांचा पत्र्याचा तबेला होता. घोडी ते लग्नाच्या वरातीला द्यायचे. घोड्याला मात्र कोणी विचारत नसे, नवरदेवाला पांढरीच हवी असते. तरी वरातीत चाचा त्यालाही न्यायचे आणि बँडच्या मागं उभा करायचे. तो दिसत असला की ती फटाक्यांनाही बुजत नाही, म्हणायचे.

एकदा सकाळी नऊच्या सुमारास ते घोडीला चालवत घेऊन आले. तिच्या अंगाला घाम सुटला होता.

"ताई, माझीच चूक आहे," ते आल्या आल्या म्हणाले. "चण्याचं पोतं बांधायला विसरलो. हिनं दावं सोडवून निम्मं खाल्लं, कोरडंच. वर बादलीभर पाणी प्यायली."

कोरडे चणे, त्यावर पाणी. मी धावत डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तिच्या नाकातून रबरी नळी पोटापर्यंत घातली. नळीवाटे वर यायला हवं होतं ते आलं नाही. थोडं पाणी आणि फेस, बस. आत सगळं फुगून गच्च झालं होतं. त्यांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं. तेवढ्यात गाडीखाली आलेला एक कुत्रा आला आणि त्यांना ऑपरेशनला जावं लागलं. त्या दिवशी दुसरे डॉक्टर रजेवर होते.

"लक्ष ठेवा," जाताना ते मला म्हणाले. "काहीही बदल झाला, काहीही, तर दार ठोका."

आम्ही तिला आवारात फिरवत होतो. ती पुढच्या पायानं जमीन उकरायची, मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघायची, वरचा ओठ उलटा करायची. मध्येच गुडघे दुमडून लोळायला बघायची आणि चाचा लगाम ओढून तिला उठवायचे. "नको गं, नको गं बाय," एवढंच ते म्हणत होते. मी ओल्या फडक्यानं तिचं तोंड, मान पुसत होते. दीड-दोन तास असे गेले.

मग ती थांबली. उकरणं थांबलं, पोटाकडं बघणं थांबलं. चारी पायांवर नीट उभी राहिली, मान खाली घातली आणि कान बाजूला सैल सोडले.

चाचा माझ्याकडं बघून हसले. त्यांचे डोळे भरले होते. "ताई, शांत झाली."

मी तिच्या कानाला हात लावला. कान गार होता. मी आत्ताच पुसलाय, म्हणून गार असेल, असं मला वाटलं. ओठ वर करून हिरड्या काळपट पडल्यात का ते बघायला हवं होतं, ते माझं रोजचं काम आहे. मी बघितल्या नाहीत. मला बरं वाटत होतं. सकाळपासून नुसतं बघत राहिलेल्या माणसाला काहीतरी चांगलं दिसलं की तो पुढं बघत नाही.

"इंजेक्शननं काम केलं, चाचा."

"नेऊ का मग? घोडा तिकडं एकटाच आहे. सकाळपासून ओरडून ओरडून आजूबाजूवाल्यांचं डोकं फिरवलं असणार त्यानं."

ऑपरेशनचं दार बंद होतं. ठोकायचं माझ्या मनात आलं होतं. पण आत कुत्र्याचं पोट उघडलेलं असेल, आणि घोडी बरी झाली हे सांगायला कशाला त्रास द्यायचा, असं वाटलं.

"न्या," मी म्हणाले. "सावकाश चालवत न्या. खायला काही देऊ नका."

डॉक्टर बाहेर आले ते हात पुसतच. "घोडी कुठाय?"

"बरी झाली, सर. शांत झाली, म्हणून घरी पाठवली."

"हळूहळू शांत झाली की एकदम?"

"एकदम."

त्यांचे हात पुसायचे थांबले. मग म्हणाले, "जठर फुटलं की ताण सुटतो, कळ थांबते. घोडं शांत होतं ते तेव्हा."

चाचांचा फोन लागेना. मी टॅक्सी केली. काळाचौकीच्या अलीकडं, एका बंद मिलच्या भिंतीशी गर्दी दिसली. घोडी फुटपाथला लागून आडवी पडली होती आणि चाचा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. लोक मोबाइल वर धरून उभे होते.

"वाटेतच बसली," ते म्हणाले. "मला वाटलं, दमली असेल. सकाळपासून थकलीय ना."

मी तिच्या डोळ्याला बोट लावलं. पापणी हलली नाही.

त्यांना सगळं सांगायची वेळ तीच होती. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "तुम्ही खूप केलंत, ताई. शेवटी तिला आराम तरी पडला." मी मान हलवली.

पालिकेची गाडी यायच्या आधी त्यांनी घोड्याला तिथं आणवलं. जोडीदाराला बघू द्यावं लागतं, नाहीतर तो शोधत राहतो, असं त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. ते खरंही आहे. घोड्यानं तिच्या नाकपुड्या हुंगल्या, मग मान, मग पोट. नाकानं तिचा खांदा दोनदा ढकलला. तो खिंकाळला नाही. क्रेननं तिला उचललं तेव्हा तो फक्त तिच्या दिशेनं वळत राहिला.

डॉक्टरांनी मला नंतर समजावलं की ती इथं असती तरी वाचली नसती. फार तर सुई देऊन मरण सोपं करता आलं असतं. ते खरं होतं. पण माझ्या सांगण्यावरून ती तशा अवस्थेत परळपासून चालत गेली, हेही खरं होतं.

दीड महिन्यानं चाचा घोड्याला घेऊन आले. पुढच्या दोन्ही पायांना, खुरांच्या वर, घोट्यांशी सोललं होतं. "कुठं तरी घासतोय," ते म्हणाले. मी जखमा धुऊन पट्ट्या बांधल्या. आठवड्यानं पुन्हा तेच, जखमा अजून खोल. तिसऱ्या वेळी गर्दी होती म्हणून त्याला झाडाखाली बराच वेळ थांबावं लागलं. मी एका गाईचं काम करत त्याच्याकडं बघत होते. त्याचे डोळे मिटत आले, मान खाली खाली गेली, आणि एकदम पुढचे पाय दुमडले. घोटे दगडी फरशीवर घासले, तो दचकून उठला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच.

"चाचा, हा आडवा पडतो का कधी?"

त्यांनी आठवून बघितलं. "ती गेल्यापासून नाही बघितला."

घोडा उभ्या उभ्या झोपतो असं सगळे म्हणतात. पाय अडकवून ठेवायची युक्ती असते त्याच्या शरीरात, डुलकी तशी निघते. पण गाढ झोपेला त्याला आडवंच पडावं लागतं. थोडीशीच लागते, पण लागते. आणि आपल्यासाठी कोणीतरी जागं उभं आहे याची खात्री नसेल तर तो पडत नाही. इतकी वर्षं ती उभी राहायची तेव्हा हा पडायचा, हा उभा राहिला की ती. आता दोन महिने हा जागा होता.

मी चाचांना हे सांगितलं. ते झाडाच्या पारावर बसले. "म्हणजे हा पहारा देतोय."

दुसरा घोडा आणणं त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. बकरी ठेवून बघा, काही घोड्यांना बकरीची सोबत चालते, असं मी सुचवलं. त्यांनी आणली. घोड्यानं तिच्याकडं ढुंकून बघितलं नाही. मग मी रविवारी दुपारी तबेल्यात जाऊन बसायला लागले. मी आणि चाचा, दोघं त्याच्या डाव्या अंगाला, खाटेवर. बोलत बसायचो, कारण ओळखीचा आवाज चालू असला की त्याचे कान सैल व्हायचे. चौथ्या की पाचव्या रविवारी त्यानं पायानं पेंढा उकरला, एक गोल फेरी मारली, गुडघे वाकवले. चाचांनी माझं मनगट दाबलं. घोड्याचं पोट जमिनीला टेकलं असेल नसेल, तेवढ्यात बाजूच्या प्लॉटवर टॉवरचा पाया खणायचं मशीन सुरू झालं. जमीन हादरली. तो उठला तो मागचा पत्रा फोडूनच, आणि पुढच्या उजव्या घोट्यावर सगळा भार आला.

त्यानंतर तो माझ्यासमोर कधी बसला नाही. सांध्यात पू झाला. आम्ही रोज धुतलं, इंजेक्शनं दिली, डॉक्टरांनी आपल्या ओळखीच्या दोघा मोठ्या डॉक्टरांना विचारलं. तीन आठवड्यांनी त्यांनी चाचांना बाजूला घेतलं. चाचा ऐकत होते आणि मान हलवत होते. मग त्यांनी एकच विचारलं.

"सुई दिल्यावर तो आडवा पडेल?"

"पडेल."

"म्हणजे झोपेल एकदाचा."

लगाम मी धरला होता. डाव्या खांद्याशी उभी राहून मी त्याच्याशी बोलत होते, काय ते आता आठवत नाही. त्याचा एक कान माझ्याकडं वळलेला होता आणि दुसरा फाटकाच्या दिशेनं. चाचा फाटकाबाहेर, आमच्याकडं पाठ करून उभे होते.

वर्षभरानं दादरच्या फुलबाजारात ते मला भेटले. तबेल्याच्या जागी काम सुरू झालं होतं. ते पुतण्याच्या मंडप-डेकोरेशनच्या धंद्यासाठी झेंडू न्यायला आले होते. त्यांनी मला चहा पाजला. बरोबरच्या हमालाला म्हणाले, "या ताईंनी माझ्या घोडीसाठी काय केलं म्हणून सांगू. मरताना तिला जराही त्रास होऊ दिला नाही." गेलं वर्षभर ते हे सगळ्यांना सांगत होते. काळाचौकीहून लोक कोंबड्या, पोपट घेऊन यायचे आणि माझं नाव विचारायचे.

हमाल गेल्यावर मी त्यांना सांगितलं. एकदम शांत होणं म्हणजे काय असतं ते. कान गार लागला होता ते. डॉक्टरांनी काय बजावलं होतं आणि मी दार का ठोकलं नाही ते.

चहाचा ग्लास त्यांच्या हातात तसाच होता.

"मी तिला चालवत नेली," ते म्हणाले. "मध्ये दोनदा ती थांबली. मी लगाम ओढला. चल, घर आलं, म्हणालो."

"चाचा, ती वाचली नसतीच—"

"ते नाही विचारत, ताई. चालताना तिला दुखत होतं का?"

मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. "नंतर दुखायला लागलं असेल," मी म्हणाले.

त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. झेंडूचं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं. "येतो. फुलं सुकतील," म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता गर्दीत गेले.

मी त्यांना दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा मी केला नाही. काळाचौकीहून आता माझं नाव विचारत कोणी येत नाही.